शादियाबाद ऊर्फ मांडवगड

मराठीत मांडवगड, हिंदीत मांडू. पंधराव्या शतकातल्या माळव्याच्या सुलतानांनी याच डोंगराला शादियाबाद हे नाव दिले आणि आपल्या नाण्यांवर 'दारुल मुल्क शादियाबाद' असे कोरले. उर्दूत आज शादी म्हणजे लग्न एवढाच अर्थ उरला आहे. मूळ फारसीत शादी म्हणजे आनंद. तेव्हा शादियाबाद म्हणजे आनंदनगर. नाव गोड आहे, पण या नावानेच त्या शहराचे नुकसान केले असे आम्हाला वाटते. आनंदनगर म्हटले की डोळ्यांपुढे नाचगाणे येते, पंधरा हजार स्त्रियांचा जनानखाना येतो आणि सगळ्यांत आधी बाजबहादूर-रूपमतीची प्रेमकथा येते. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ एका स्वतंत्र राज्याची राजधानी असलेल्या शहराचा हिशेब एवढ्यावर चुकता होतो. पाठ्यपुस्तकात माळव्याच्या सुलतानांना एखाददुसरी ओळ मिळते, सहलीच्या पत्रकात रूपमती मिळते. आपण मुसलमान वाचकही फार वेगळे वागत नाही. कोणाची सुलतानांचे ऐश्वर्य ऐकून छाती फुगते, कोणाला त्यांच्या ऐशआरामाची शरम वाटते. दोघेही पाहतात ते सुलतानाकडेच. त्या शहरात राहणारा गवंडी, वैद्य, आचारी, शब्दकोश लिहिणारा मुल्ला आणि पोथी नकलणारा जैन लेखनिक यांच्याकडे कोणी पाहत नाही.

जागा आधी समजून घेतली पाहिजे. धारपासून पस्तीसेक किलोमीटरवर विंध्याचा एक तुकडा मूळ पठारापासून तुटून नर्मदेच्या बाजूला पुढे सरकलेला आहे. मधे काकडा खोह नावाची खोल दरी. समुद्रसपाटीपासून उंची सहाशे मीटरच्या वर. दक्षिणेच्या कड्यावर उभे राहिले की खाली निमाडचा सपाट मुलूख आणि हवा स्वच्छ असेल तर दूरवर नर्मदेची रेघ दिसते. रायगडही डोंगरावरचीच राजधानी, पण सह्याद्रीतल्या गडांच्या माथ्याशी मांडूच्या माथ्याची तुलना होत नाही. इथे वर गेल्यावर आपण वर आलो आहोत हेच विसरायला होते. शेते आहेत, तलाव आहेत, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत जायचे तर चांगला घाम निघतो. भोवती तट आणि त्याला बारा दरवाजे. दिल्लीहून दख्खनकडे आणि गुजरातच्या बंदरांकडे जाणाऱ्या वाटा याच्या आसपासून जात. जागा कोणी का निवडली याचे उत्तर त्यात आहे.

सुलतानांच्या आधी इथे परमार राजे होते आणि गडाचे जुने नाव मंडपदुर्ग. १३०५ मध्ये अलाउद्दीन खिलजीचा सरदार ऐनुल्मुल्क मुलतानी याने माळवा जिंकला. सुरुवातीच्या मशिदी बांधताना जुन्या देवळांचे दगड वापरले गेले. १४३२ च्या मलिक मुगीसच्या मशिदीतले खांब पाहिले की कोणालाही ते कळते. ही गोष्ट दडवून ठेवण्यात अर्थ नाही आणि तेवढीच एक गोष्ट सांगत बसण्यातही नाही.

१३९८ मध्ये तैमूरने दिल्ली लुटली. दिल्लीचा तुघलक सुलतान महमूद पळत पळत आधी गुजरातेत आणि मग धारला आला. माळव्याचा सुभेदार दिलावरखान घोरी याने त्याची बडदास्त ठेवली. त्याचा मुलगा अल्पखान याला ते मुळीच आवडले नाही. ज्याला स्वतःची राजधानी राखता आली नाही त्याच्यापुढे आपण का वाकायचे, असा त्याचा हिशेब असावा. रुसून तो मांडूच्या डोंगरावर जाऊन बसला आणि तिथे तट भक्कम करायला त्याने सुरुवात केली. बापलेकांच्या या भांडणात मांडूचे नशीब उघडले. १४०१ मध्ये दिलावरखानाने स्वतंत्र राज्य जाहीर केले, आणि त्याच्या मागून अल्पखान होशंगशाह नावाने तख्तावर आला तेव्हा त्याने राजधानीच धारहून मांडूला नेली. हा होशंग धाडसी माणूस. हत्ती मिळवण्यासाठी घोड्यांच्या सौदागराचे सोंग घेऊन तो थेट ओडिशापर्यंत गेला होता. नर्मदाकाठचे होशंगाबाद त्याच्याच नावाचे. २०२२ मध्ये त्याचे नाव नर्मदापुरम झाले. १४३५ मध्ये होशंग वारला.

त्याची कबर मांडूत जामी मशिदीच्या मागच्या अंगाला आहे. सबंध संगमरवरी मकबरा, आणि या प्रकारचा तो हिंदुस्थानातला पहिला समजला जातो. चौथरा, चार कोपऱ्यांना छोटे घुमट, मधे मोठा घुमट, दगडी जाळ्या. बाहेर कसलाही डामडौल नाही. इथला प्रत्येक वाटाड्या सांगतो की शहाजहानने ताजमहाल बांधण्याआधी आपले कारागीर हा मकबरा पाहायला पाठवले आणि ताजचा नमुना इथूनच गेला. ऐकायला छान वाटते, पण दारावर जो लेख आहे तो वेगळेच सांगतो. तो हिजरी १०७० चा, म्हणजे इसवी सन १६५९ चा आहे. तेव्हा ताजमहाल बांधून झाला होता आणि शहाजहान स्वतः आग्र्याच्या किल्ल्यात मुलाच्या कैदेत होता. नमुना घ्यायला यायची वेळ केव्हाच टळून गेली होती. मग ही मंडळी आली कशाला? लेखात नावे आहेत. उस्ताद अहमद यांचे चिरंजीव लुतफुल्लाह मुहंदिस, ख्वाजा जादूराय, उस्ताद शिवराम आणि उस्ताद हामिद. ही सगळी माणसे जियारतीला आली होती. ताजचा शिल्पकार म्हणून ज्याचे नाव घेतले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा, दोन हिंदू उस्तादांना बरोबर घेऊन, सव्वादोनशे वर्षे जुन्या बांधकामाला सलाम करायला डोंगर चढून आला. गवंड्यांनी गवंड्यांना केलेला सलाम तो हाच. वाटाड्याच्या गोष्टीपेक्षा आम्हाला ही खरी गोष्ट कितीतरी मोठी वाटते.

यात आपल्या मुलखाचाही एक धागा आहे. लुतफुल्लाहचा भाऊ अताउल्लाह. औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, बीबी का मकबरा त्याने बांधला. तिथल्या दारावर अताउल्लाहबरोबर हंसपतराय हे नाव आहे. एका भावाचे नाव मांडूत जादूराय आणि शिवराम यांच्या शेजारी, दुसऱ्याचे औरंगाबादेत हंसपतरायाच्या शेजारी, आणि दोन्ही लेख जवळपास एकाच सुमाराचे. बीबी का मकबऱ्याला हजारो लोक जातात. ताजची नक्कल म्हणून नाक मुरडून परत येतात. दारावरची नावे किती जण वाचतात?

होशंगच्या मुलाला विष देऊन महमूद खिलजी १४३६ मध्ये तख्तावर आला. सुरुवात अशी झाली तरी मांडूचे भरभराटीचे दिवस ते याच महमूदचे. तेहेतीस वर्षे त्याने राज्य केले आणि त्यातली बहुतेक वर्षे घोड्यावर काढली. होशंगने सुरू केलेली जामी मशीद त्याने १४५४ मध्ये पुरी केली. समोर मदरसा बांधला. लोक त्याला आता अशर्फी महाल म्हणतात. एका-एका पायरीमागे राणीला एक अशर्फी देत म्हणून हे नाव पडले, असली काहीतरी कथा तिथे ऐकायला मिळते. मदरशाचे नाव पुसले गेले आणि अशर्फी तेवढी राहिली. १४४५ मध्ये त्याने मांडूत दारुश्शिफा, म्हणजे इस्पितळ, बांधले. मौलाना फजलुल्लाह हकीम यांच्याकडे त्याचा कारभार होता, औषधपाण्याच्या खर्चाची तरतूद होती आणि वेड लागलेल्यांसाठी वेगळ्या खोल्या होत्या. पंधराव्या शतकात वेडाला रोग मानून त्याच्यासाठी जागा राखली गेली, याची नोंद कोणत्याही विजयस्तंभाच्या वर केली पाहिजे.

विजयस्तंभावरून आठवले. मदरशाच्या एका कोपऱ्याला महमूदने सात मजली मनोरा उभारला. १४४३ मध्ये मेवाडच्या राण्यावर आपण विजय मिळवला, त्याची ही खूण. आता चितोडला जा. तिथे राणा कुंभाचा नऊ मजली विजयस्तंभ आहे, १४४८ चा, आणि तो कशासाठी? माळव्याच्या महमूद खिलजीवर विजय मिळवला म्हणून! दोघेही जिंकले, हरले कोणीच नाही. इतिहासाच्या तासाला मुलांना पुरावा म्हणजे काय हे समजावून सांगायचे असेल तर आमच्या मते या दोन मनोऱ्यांपेक्षा चांगले उदाहरण नाही. महमूदचा मनोरा कोसळला, एकच मजला राहिला आहे. कुंभाचा शाबूत आहे. पण त्यावरून लढाई कोणी जिंकली ते ठरत नाही, मनोरा कोणाचा पक्का होता एवढेच ठरते. आणखी एक गंमत म्हणजे चितोडच्या त्या विजयस्तंभावर देवादिकांच्या मूर्तींबरोबर अरबी अक्षरांत 'अल्लाह' हा शब्दही कोरलेला आहे.

महमूदची दुसरी गोष्ट दख्खनमधली आहे आणि ती फरिश्ताने लिहून ठेवली आहे. फरिश्ता हा अहमदनगर आणि विजापूरच्या दरबारांत राहिलेला इतिहासकार, म्हणजे आपल्याच बाजूचा. १४६२ मध्ये बहमनी तख्तावर लहान मूल बसले होते. ही संधी साधून महमूद खिलजीने बीदरवर स्वारी केली. शहर लुटले, जाळपोळ झाली. हा सुलतान खाण्यापिण्यात हलाल-हरामची फार काळजी घेणारा होता. छावणीत भाजीपाला मिळेना, तेव्हा त्याने शाह खलीलुल्लाह यांच्या दर्ग्यातल्या मौलाना शमसुद्दीन हक्कगो यांना निरोप धाडला की ज्या जमिनीच्या मालकीबद्दल काही शंका नाही अशी जमीन दाखवा, तिथली भाजी मी पैसे मोजून घेईन. मौलाना नावाप्रमाणेच खरे बोलणारे निघाले. मुसलमानांच्या मुलखात घुसून त्यांची घरेदारे लुटायची आणि भाजीच्या जुडीपुरता परहेज पाळायचा, हे बोलू नका, लोक हसतील, अशा अर्थाचे त्यांनी तोंडावर सुनावले. सुलतानाच्या डोळ्यांत पाणी आले म्हणतात. पाणी आले तरी वेढा काही त्या दिवशी उठला नाही. बहमनींचा वजीर महमूद गावान याने गुजरातच्या सुलतानाला मदतीला आणले तेव्हा कुठे माळव्याची फौज मागे फिरली. जनाजे दोन्हीकडे उठले आणि दोन्हीकडे नमाज एकच होती. या लढायांना धर्माच्या लढाया म्हणणाऱ्यांनी बीदरची ही हकीकत एकदा वाचावी.

याच महमूदच्या राज्यात १४३९ मध्ये मांडूत जैनांच्या कल्पसूत्राची एक सचित्र पोथी तयार झाली. ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि जैन चित्रकलेच्या इतिहासात तिला मानाचे स्थान आहे. हे अचानक घडले नाही. मांडूचा व्यापार आणि खजिना बऱ्याच अंशी जैन घराण्यांच्या हातात होता. होशंगच्या काळचा मंडन मंत्री संस्कृतात काव्यावर आणि संगीतावर ग्रंथ लिहीत होता. महमूदच्या काळचा संग्रामसिंह सोनी खजिना सांभाळत होता आणि 'बुद्धिसागर' नावाचा ग्रंथ लिहीत होता. दरबारात फारसी, पेढीवर संस्कृत-प्राकृत, बाजारात हिंदवी. कोणी कोणाला आपलेसे केले वगैरे भाषा आम्हाला इथे वापरायची नाही. त्यांना एकमेकांची गरज होती. गरज हीदेखील मोठी गोष्ट आहे.

१४६९ मध्ये महमूद वारला आणि मुलगा गियासशाह गादीवर आला. बापाने पुष्कळ लढून ठेवले आहे, आता मी लढणार नाही, असे त्याने ठरवले आणि एकतीस वर्षे बहुतांशी ते पाळले. फरिश्ता सांगतो की त्याच्या महालात पंधरा हजार स्त्रिया होत्या. पाचशे तुर्की आणि पाचशे हबशी स्त्रियांचे सशस्त्र पहारे होते. फरिश्ता हे शंभर वर्षांनंतर लिहितो आहे. बखरीतला फौजेचा आकडा आपण जसा हात राखून वाचतो तसाच हाही वाचावा. पण आकड्याच्या नादात पुढचे वाक्य सुटते. या स्त्रियांना हुन्नर शिकवले जात. त्यांत शिकवणाऱ्या होत्या, गाणाऱ्या होत्या, भरतकाम करणाऱ्या, नमाजच्या वेळी पठण करणाऱ्या, नाना धंद्यांतल्या होत्या. भिंतीआड कोंडलेल्या बायकांचे ते शहर होते हे खरेच, आणि त्याचे गोडवे आम्ही गाणार नाही. मात्र ज्याने कोंडले त्यानेच शिकवले, असा हा विचित्र हिशेब आहे.

या गियासशाहचा एक ग्रंथ शिल्लक आहे, 'निअमतनामा'. त्याने तो सुरू केला आणि त्याचा मुलगा नासिरशाह याच्या वेळी तो पुरा झाला. हा स्वयंपाकाचा ग्रंथ. एकुलती एक प्रत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि २००५ मध्ये नोरा टिटली यांनी तिचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. फारसीत लिहिलेला, पण पानापानावर हिंदवी शब्द: खिचडी, भात, कढी, बडे. समोशांच्या तर किती कृती! खिम्याचे, वांग्याच्या गराचे, आले आणि केशर घातलेले. एक कृती झाली की लगेच 'दुसरी कृती' म्हणून पुढची सुरू. शरबते, अत्तरे, पानाचे विडे, शिकारीला जाताना बरोबर काय न्यावे, कोणत्या दुखण्यावर काय खावे, सगळे आहे. त्यात पन्नास चित्रे आहेत. बहुतेक चित्रांत वर वळवलेल्या मिशांचा गियासशाह बसलेला आणि भोवती बायका चुलीवर, पाट्यावर, पातेल्यांशी कामात गुंतलेल्या. पहिली चित्रे शिराझच्या इराणी वळणाची आहेत. पुढे पुढे चेहरे आणि लुगडी इथली होत जातात. उर्दू कशी जन्मली यावर आपल्याकडे लष्करी छावणीची कथा सांगतात. आम्हाला तर या ग्रंथाची पाने पाहिल्यावर वाटते की भाषा छावणीइतकीच स्वयंपाकघरातही शिजत होती.

त्याहून आमच्या जिव्हाळ्याचा ग्रंथ दुसरा. १४६८-६९ च्या सुमारास मुहम्मद बिन दाऊद शादियाबादी नावाच्या विद्वानाने 'मिफ्ताहुल फुजला' हा अवघड फारसी शब्दांचा कोश रचला. त्यात जागोजागी हिंदवी प्रतिशब्द दिले आहेत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस या कोशाची जी प्रत तयार झाली तिच्यात शब्दांच्या अर्थासाठी छोटी छोटी चित्रे आहेत, पावणेदोनशेच्या वर. शब्द, त्याचा अर्थ आणि शेजारी चित्र. जनावरे, भांडी, अवजारे, आपापल्या कामात असलेले कारागीर. आज बालवाडीच्या भिंतीवर आपण जे तक्ते लावतो त्याच जातीचे हे काम, पाचशे वर्षांपूर्वीचे. सुलतानाचे चित्र काढायला चितारी कुठेही मिळतो. शब्दाचा अर्थ कळावा म्हणून अवजाराचे चित्र काढून घेणारा माणूस ज्या शहरात राहत होता त्या शहराला फक्त ऐशआरामाचे शहर म्हणणे आम्हाला पटत नाही. हीही प्रत लंडनलाच आहे. लेखकाने आपल्या नावापुढे शादियाबादी लावले, ते शहराच्या अभिमानानेच ना?

डोंगरावर एवढी वस्ती जगत होती ती पाण्याच्या हिकमतीवर. वर नदी नाही. पडेल तो पाऊस साठवायचा. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधे लांबट जहाज महाल उभा आहे. पावसाळ्यात दोन्हीकडे पाणी भरले की तो खरोखर नांगरलेल्या जहाजासारखा दिसतो. लोक गच्चीवर फोटो काढतात. तिथेच पायाशी दगडात कोरलेली पन्हळ आहे, सापासारखी, गोगलगायीसारखी वळणे घेणारी. पाण्याचा वेग मोडावा आणि गाळ वळणावर बसावा यासाठी ही वळणे. शेजारी चंपा बारव आहे, तिच्या भोवती उन्हाळ्यासाठी तळघरातल्या गार खोल्या आहेत, हमाम आहे. जवळच हिंडोला महाल. त्याच्या बाहेरच्या भिंती इतक्या कलत्या की इमारत झोका घेते आहे असे वाटावे.

पुढचा इतिहास भराभर सांगण्यासारखा आहे. १५०० मध्ये नासिरशाहने बापाला बाजूला सारले. विष दिल्याचा आळ त्याच्यावर कायमचा राहिला. त्याचा मुलगा दुसरा महमूद याला १५१९ मध्ये राणा संगाने कैद केले, जखमांवर उपचार केले आणि सन्मानाने परत पाठवले. १५३१ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहने मांडू घेतले आणि खिलजींचे राज्य संपले. १५३५ मध्ये हुमायून आला. लाल कपडे घालून त्याने कत्तलीचा हुकूम दिला आणि एका कैदी गवयाचे गाणे ऐकून लाल कपडे उतरवले, हिरवे घातले, कत्तल थांबवली, असे गुजरातच्या तवारिखीत आहे. गाण्याचे कौतुक करायला हरकत नाही. गाणे सुरू होण्याआधी किती गेले हे मात्र कोणी लिहिलेले नाही.

आणि मग रूपमती. बाजबहादूर १५५५ मध्ये माळव्याचा सुलतान झाला. गाण्यातला जाणकार, लढाईत कच्चा. १५६१ मध्ये अकबराचा सरदार अधमखान याने सारंगपूरजवळ त्याचा पराभव केला. बाजबहादूर पळाला, मागे राहिलेल्या रूपमतीने अधमखानाच्या हाती लागण्यापेक्षा विष घेतले. यात खोटे काही नाही आणि त्या बाईच्या मरणाला आम्ही हलके लेखत नाही. १५९९ मध्ये अहमदुल उमरी याने फारसीत तिची कहाणी लिहिली आणि तेव्हापासून ती वाढतच गेली. इतकी वाढली की शहरावर चढून बसली. 'बाजबहादूरचा महाल' म्हणून जो दाखवतात तो त्याच्या जन्माआधीचा; दारावरच्या लेखाप्रमाणे नासिरशाहच्या काळात, १५०८-०९ च्या सुमारास बांधलेला. 'रूपमतीचा मंडप' मुळात कड्यावरची टेहळणीची चौकी. मदरसा अशर्फीला गेला, महाल बाजबहादूरला, चौकी रूपमतीला. कथेच्या उत्तरार्धात मात्र कोणाला रस नाही: बाजबहादूर १५७० मध्ये अकबराला शरण गेला, मनसबदार झाला, आणि अबुल फजलने दरबारी गवयांच्या यादीत त्याचेही नाव घातले.

मोगलांच्या काळात मांडूला पुन्हा एकदाच रंग भरला. १६१७ मध्ये जहांगीर इथे येऊन सात महिने राहिला. आधी माणूस पाठवून जुन्या इमारती दुरुस्त करून घेतल्या, तीन लाख रुपये खर्च झाले, असे तो स्वतः लिहितो. शब-ए-बरातला नूरजहानने तलावाकाठच्या महालात मेजवानी दिली, पाण्याभोवती दिवे लावले. याच मुक्कामात नूरजहानने सहा गोळ्यांत चार वाघ मारले. याच मुक्कामात शहजादा खुर्रम दख्खनची मोहीम आटोपून परतला आणि त्याला शहाजहान हा किताब मिळाला, म्हणजे शहाजहान हे नाव मांडूचे. आणि याच मुक्कामात जहांगीर नासिरशाहच्या कबरीवर गेला, बापाला मारणाऱ्याची कबर म्हणून तिला लाथ मारली, बरोबरच्या लोकांना मारायला लावली, हाडे उकरून नर्मदेत टाकायला सांगितली. स्वतः बापाविरुद्ध बंड केलेला हा बादशहा! इंग्रजांचा वकील टॉमस रो तेव्हा छावणीबरोबर होता. त्याने मात्र मांडूत पाण्याची किती टंचाई झाली याचीच तक्रार लिहून ठेवली आहे. बादशाही लवाजमा वर चढला तेव्हा दुर्लक्षित तलावांना तो भार पेलला नाही.

मोगलांना डोंगरावरच्या राजधानीची गरज नव्हती. लोक उतरले, रान चढले. अठराव्या शतकात मराठ्यांनी माळवा घेतला आणि मांडू धारच्या पवारांच्या संस्थानात गेले. तेव्हापासून तिथे भिल्लांची वस्ती, त्यांची शेते, आणि 'मांडूची इमली' म्हणतात ती गोरखचिंचेची अजस्र झाडे. ही झाडे आफ्रिकेची. कोणा हबशाबरोबर किंवा अरब सौदागराबरोबर आली असावीत. त्यांनी मात्र गड सोडला नाही.

१९२९ मध्ये धार संस्थानच्या आश्रयाने मांडूवर एक भक्कम इंग्रजी ग्रंथ निघाला. लेखक गुलाम यजदानी, निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख, ज्यांनी अजिंठ्याच्या चित्रांवरही मोठे काम केले. मराठा राजाच्या आश्रयाने हैदराबादच्या मुसलमान पंडिताने मांडूतल्या इमारती मोजल्या. हा ग्रंथ उर्दूत यायला हवा होता, मराठीतही यायला हवा होता.

मांडूच्या तटाखाली दरीच्या काठाशी नीलकंठ नावाची जागा आहे. १५७४ मध्ये अकबराच्या सरदाराने, शाह बुदागखानाने, तिथे कमानी, हौद आणि नागमोडी पन्हळ असलेला महाल बांधला. आज तिथे महादेवाची पिंड आहे, पूजा होते, घंटा वाजते. पिंडीभोवतीच्या भिंतींवर फारसी लेख तसेच आहेत. त्यांतला एक अकबराच्या दख्खन मोहिमेचा, एक या साऱ्या दौलतीच्या फोलपणाविषयीचा. पूजा करणाऱ्यांनी ते पुसले नाहीत. फारसी आता कोणी शिकत नाही, पण लिपी आपली ओळखीची आहे. आमच्यासारख्या उर्दू शाळांतल्या सातवी-आठवीच्या मुलाला भिंतीशी उभे केले तर अक्षराला अक्षर लावून दोन-चार शब्द तरी त्याला वाचता येतील: बादशाह, दख्खन, साल. सहल मांडूला गेली तर रूपमतीच्या मंडपाआधी मुलांना इथे आणावे, आणि बरोबर वही-पेन्सिल द्यावी.